तिसरं कडवं

६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचं करायला येणारी अलका उशिरा आली. त्यामुळे ह्यांची अंघोळ दहाला. बी.पी. ठीक. उजवा हात तसाच. पेज अर्धी पोटात, अर्धी बनियनवर.

दुपारी निखिलचा फोन, मुंबईहून. ह्यांचा दिंडोरीच्या शाळेतला लाडका विद्यार्थी. कॉलेजची दोन वर्षं आमच्या घरी राहिला, माझ्या हातचं जेवला. आता टीव्हीवाला झालाय. रात्री आठची ती सिरियल त्याचीच. म्हणाला, काकू, सरांचं ‘दार लोटून जा’ एका प्रसंगात वापरायचंय, सरांची सही होणार नाही, तुम्ही परवानगी द्या. मी लगेच दिली. प्रसंग कुठला, हे विचारलंसुद्धा नाही. नवराबायकोचाच असणार, दुसरा कुठला.

आत जाऊन ह्यांना सांगितलं. “चल चल,” म्हणाले. उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून तोंडात एवढंच उरलंय. पाणी हवं, चल चल. ऊन लागतंय, चल चल. माझ्यावर चिडले, चल चल. आज बहुधा आनंदाचं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रश्मीला पुण्याला फोन करून सांगितलं. लेक म्हणाली, आई, तुझं गाणं टीव्हीवर!

माझंच ते. नाहीतर माझा आणि गाण्याचा संबंध काय? आरतीला उभी राहिले तर शेजारची बाई सरकून घेते. हे म्हणायचे, नंदा, तू गाऊ नकोस, तू नुसती ऐक. पण ते एक गाणं माझं. काळाराम मंदिरामागे एक खोली, लग्नाचं पहिलं वर्ष. ह्यांची शाळा दुपारची, माझी बँक सकाळची. मी निघायचे तेव्हा हे अंथरुणात लोळत असायचे. ‘जाताना दार लोटून जा, कडी नको, कुलूप नको.’ शब्द ह्यांचे, चालही ह्यांची. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सत्यनारायण घातला, तेव्हा पाहुण्यांसमोर म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं. पुढे रेडिओवरही लागलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला तेच. धृपद आणि दोन कडवी. माझ्या बँकेतल्या बायकासुद्धा पाठ म्हणायच्या.

निखिलची सिरियल बघायला लागलेय. त्यातली बायको, कुंदा, चांगली खमकी आहे. नवरा पेटी घेऊन बसला की म्हणते, “गाणं काय भांडी घासणार आहे?” मीही हेच म्हणत आले जन्मभर. एकटीच हसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्याच्या भागात गाणं. सोसायटीतल्या बायकांना घरी बोलावलंय. चिवडा केला. ह्यांचा क्रीम सदरा इस्त्री करून आणला कोपऱ्यावरून. अलका म्हणाली, मावशी, तुमचं तर परत लग्न लागल्यावानी चाललंय. लाजले की काय मी? ह्या वयात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय. पण सांगणार कुणाला.

हॉल भरला होता. ह्यांची खुर्ची मधोमध. भाग सुरू झाला. कुंदा कामावर निघाली, नवरा अंथरुणात. मी जाधव वहिनींना कोपरानं ढोसलं, आता येईल म्हणून. कुंदानं दार आपटलं, बाहेरून खाडकन कडी घातली. गाणं नाही. मग द्राक्षाचा मळा. धुकं. मांडवाखाली एक मजूर बाई, हातात विरळणीची छोटी कात्री, घडातले मणी कापतेय. कुंदाचा नवरा तिथे येऊन उभा. ती निघायला लागली, आणि तेव्हा गाणं सुरू झालं. ‘जाताना दार लोटून जा.’

पहिलं कडवं. दुसरं कडवं. मी घट्ट बसून. म्हटलं, असेल, सिरियल आहे, काहीही दाखवतात. आता संपेल. ते संपलं नाही.

कात्रीचा वळ अंगठ्यावरचा,
थांब, घालू दे फुंकर जराशी;
मांडवाखालून धुकं निघालं,
तूही निघालीस, जा तशी.

आणि कुंदाच्या नवऱ्यानं त्या बाईचा अंगठा हातात घेतला, वाकून फुंकर घातली.

मला सूर कळत नाही, पण शब्द कळतात. हे कडवं मी कधी ऐकलेलं नाही. बँकेत होते मी. माझ्या बोटाला शाई असायची.

एवढ्यात खुर्चीतून आवाज. हे. गात होते. चल चल नाही, पूर्ण शब्द, ओळीमागून ओळ, पडद्यावरच्या गायकाच्या जरासं मागून. ‘फुंकर’मधला फ सुद्धा स्पष्ट. बायका रडायलाच लागल्या. जाधव वहिनी उठून ह्यांच्या पाया पडल्या. मला मिठ्या मारल्या सगळ्यांनी. नशीबवान आहात म्हणे.

मी सगळ्यांना परत चिवडा वाढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून गातायत. फक्त तेच. तिसरं. मी पलंगाशी बसून पहिल्या कडव्याची ओळ सांगितली, ‘उन्हाची तिरीप येऊ दे आत’. म्हणाले, चल चल. दुसऱ्याची सांगितली. चल चल. तिसरं त्यांचं त्यांनी सुरू केलं.

रश्मी फोनवर रडली आनंदानं. बाबा बोलले! मी म्हटलं, बोलले नाहीत, गायले. ती म्हणाली, तुला कधी आनंद घेताच येत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्पीच थेरपिस्ट सायली आली. लहानखुरी, हुशार पोरगी. पाच महिने ह्यांच्याकडून ‘पाणी’ म्हणवून घ्यायला झटतेय, एकदाही जमलं नाही. आज कडवं ऐकलं आणि खुर्चीवरून उठलीच. म्हणाली, बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे असते, गाण्याची दुसरीकडे. बोलण्याची बिघडली तरी गाण्याच्या वाटेनं शब्द काढता येतात. काकू, ही वाट सापडलीय, आता सोडायची नाही. हे कडवं रोज सकाळ-संध्याकाळ लावायचं, औषधासारखं.

जेवणाआधी की जेवणानंतर, विचारलं मी. तिला गंमत वाटली.

रोज मीच लावायचं. माझ्या मोबाइलवर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात. तो सीन सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. कॉलेजची पोरंपोरी एकमेकांच्या अंगठ्यावर फुंकर घालून रील करतात. भाजीवाली नवऱ्याला सांगत होती, “उठ की, गाणं काय भांडी घासणार हाय का?” आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले असते. आणि एकदम...

कुंदा म्हणते, उठा महाराज, सूर्य पण हजेरी लावून आला. कुंदा म्हणते, सुरानं पोट भरत असतं तर मी कुकर विकला असता. कुंदा म्हणते, तुम्ही ढगात राहा, भाडं मी भरते. हे सगळं मी बोललेय. आमच्या स्वयंपाकघरात. निखिल ओट्याशी पाटावर बसून पोळ्या खायचा तेव्हा. एकेक पोळी, एकेक वाक्य.

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. ह्यानं तर मोजून वर विकलेही.

मेथी, कोथिंबीर, गवार घ्यायची होती. काही न घेता आले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निखिलला फोन लावला. आधी कौतुक ऐकवलं त्यानं, सीन किती चालला, कुणाकुणाचे फोन आले. मी विचारलं, तिसरं कडवं तू लिहिलंस? मनातून म्हणत होते, हो म्हण.

म्हणाला, नाही काकू, सरांचंच आहे. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मी गाणं म्हणणार होतो. सरांनी तिन्ही कडवी शिकवली, आणि सांगितलं, हे शेवटचं स्टेजवर म्हणायचं नाही.

“कुणावर आहे ते?”

म्हणाला, “काकू, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. सगळ्या दिंडोरीला माहीत आहे.”

त्याची आत्या. विमल. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन भावाकडे परत आलेली. भावाच्याच मळ्यात मजूर बायकांबरोबर विरळणी करायची. हे दुपारचा डबा खायला त्या मळ्यात जायचे, निखिलच्या वडिलांशी दोस्ती होती म्हणून. म्हणाला, आत्यानं आयुष्यभर सोसलंय काकू, मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं.

“आणि माझ्यासाठी कुंदा केलीस?” विचारलं मी.

म्हणाला, कुंदा तर सगळ्यांना आवडते. फोन मी ठेवला. आधी लाज वाटली आणि मग संताप आला, की उलटं झालं, आता आठवत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना विचारलं. समोर बसून, चेहरा हातात धरून. विमल कोण?

“चल चल.”

कसलं हे माणूस. जन्मभर शब्दांवर जगलं, आणि मला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा शब्द गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा. भांडायचं कुणाशी? डाव्या हातानं लाळ पुसायला रुमाल शोधत होते. मीच दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुकरच्या वाफेनं मनगट भाजलं. टरारून फोड आला. अलकानं धावत जाऊन कोरफड आणली. मला आठवलं, रश्मी पोटात असताना उकळत्या तेलाचे थेंब उडाले होते हातावर. हे दारात आले, बघितलं, म्हणाले, टूथपेस्ट लाव. आणि पेपर उचलून गेले.

टूथपेस्ट.

फुंकर घालायला पैसे पडत नाहीत. वेळ लागत नाही. नुसता माणूस जवळ यावा लागतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारपासून गाणं लावलेलं नाही. मोबाइल उशाखाली. अलकानं विचारलं तर सांगितलं, बिघडलाय. हे पहिले दोन दिवस आपले आपण गात होते, मग अडखळायला लागले. ‘कात्रीचा वळ’पाशी थांबतात, पुढचं सापडत नाही, तोंड नुसतं हलतं. आज तेही नाही. दुपारी पेज तोंडाला लावली तर मान फिरवली. माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं कशाचं होतं, मला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

संध्याकाळी रश्मी व्हिडिओवर. बाबा गात का नाहीत? अलकानं मागून सांगून टाकलं. लेक माझ्यावर ओरडली. आई, हे क्रौर्य आहे. मी कारण सांगितलं नाही. तिच्या वडिलांबद्दल तिला जे वाटतं ते वाटू दे. मला तर आता तेवढंही वाटत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

लावलं परत. रश्मीला घाबरून नाही. काल ह्यांना लघवी लागली होती, सांगता येईना, अंथरूण भिजलं, आणि हे लहान मुलासारखे रडले. चादर मी बदलली. तेव्हाच ठरवलं, उद्या लावायचं.

सायलीनं आज पुढची पायरी घेतली. त्या कडव्याचीच चाल, शब्द रोजचे. ‘थांब, घालू दे फुंकर जराशी’ ह्या ओळीत बसवलं, ‘थांब, पाणी हवं आहे थोडंसं’. चार-पाच वेळा तिनं म्हटलं, ह्यांचा डावा हात धरून ठेका देत. मग हे एकटे. जमलं. झटक्यानंतर पहिल्यांदा ह्या माणसानं पाणी मागितलं आणि पाणी मिळालं.

आता ह्या घरात पाणी तिच्या चालीवर मागतात. खिडकी लावायची ती तिच्या चालीवर. संडासला जायचं तेही. सायली म्हणते, काकू, हे सगळं तुमच्यामुळे, तुम्ही चिकाटीनं लावलंत. तिला काय सांगू.

३ डिसेंबर, बुधवार

निखिलचा मेसेज. आत्याला तुमच्याकडे यायचंय, येऊ दे का? मी लिहिलं, येऊ दे. पुसलं. परत लिहिलं. पाठवलं.

ह्यांना भेटायला येणार. कडवं टीव्हीवर ऐकलं असेल, चाळीस वर्षांनी उमाळा आला असेल. येऊ दे. बघते तरी.

६ डिसेंबर, शनिवार

उद्या यायचीय. सवतीला फराळाला काय करतात, हे विचारायला सासूबाई हयात नाहीत. पोहे करीन. शिरा नाही करणार. तिच्या नावानं तूप जाळायची माझी तयारी नाही.

७ डिसेंबर, रविवार

आली. दिंडोरीहून एसटीनं निमाणी स्टँडला, तिथून रिक्षानं, एकटीच. मी सिल्कची साडी नेसून बसले होते. मूर्खच. ती धुवट पातळात, काळीसावळी, हडकलेली, डोक्यावर पदर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. सोफ्यावर बसेना. मी आग्रह केला तेव्हा कडेला टेकली. ह्यांच्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. हे आत झोपलेले.

मी म्हटलं, आत चला, भेटा. कडू तोंडानंच म्हटलं असणार.

“ताई, मी भेटायला नाय आले,” ती म्हणाली. “ते बंद करा, येवढं सांगायला आले.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. सिरियल लागल्यापासून भावाच्या सुना फुंकर मारून दाखवतात, ती चहा द्यायला गेली की. गावात बाया तिच्या अंगठ्याकडे बघतात. भाऊ घालूनपाडून बोलतो, तुझ्यापायी पोरानं घराण्याची अब्रू टीव्हीवर मांडली म्हणतो. पोरगं म्हणजे निखिल. तो आला होता पेढे घेऊन. आत्या, तुझ्यासाठी केलं म्हणाला. “मी कधी सांगितलं होतं त्याला? म्हातारपणी मला नाचवलं त्यानं, ताई. मला येकदा बी विचारलं नाय.”

मी विचारलं, तुमच्यात काय होतं? इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं वाक्य, अगदी साधं बाहेर पडलं.

ती म्हणाली, विरळणी चालू होती. दिवसदिवस कात्री धरून अंगठ्याला वळ आला होता, कातडं निघालेलं. सर डबा खायला आले होते. त्यांनी बघितलं, हात धरला, फुंकर घातली. पंचवीस-तीस बाया मांडवात होत्या, सगळ्यांच्या देखत.

“मग?”

“मग काय नाय. तेवढंच. दुसऱ्या दिवसापासनं भावानं मला लांबच्या मळ्यात कामाला लावलं. सरांना परत कधी बघितलं नाय. गाणं केलेलं मला ठावंच नव्हतं, ताई. टीव्हीवर कळलं.”

तेवढंच.

पोह्यांना तिनं हात लावला नाही. आणि तेवढ्यात आतून सुरू झालं. जागे झाले असावेत, की तिचा आवाज ऐकला, देव जाणे. ‘कात्रीचा वळ अंगठ्यावरचा...’ सगळं, एका दमात, कुठेही न अडखळता. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, “त्यांना गप करा, ताई. घर तुमचं हाय.”

मी म्हटलं, करते. शब्द दिला तिला.

खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना तिनं माझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग बघितला, काय झालं विचारलं. मी म्हटलं, कुकर. ती म्हणाली, खोबरेल लावा.

आता बसून विचार करतेय. तेवढंच, हे खरं की खोटं? खोटं असतं तर बरं होतं. चोरून भेटले असते, कुठे गेले असते, तर मला रागवायला जागा होती, रडायला होती. बायको म्हणून भांडले असते. एका फुंकरीशी काय भांडू? एकदा घातलेली फुंकर ह्या माणसानं चाळीस वर्षं जपून ठेवली, आणि मेंदूतलं सगळं वाहून गेलं तरी ती वाहून गेली नाही. माझे डबे गेले, रश्मीचं बाळंतपण गेलं, त्यांच्या बायपासच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर काढलेले दिवस गेले. माझं नावसुद्धा गेलं. उन्हाळ्यापासून एकदा हाक मारलेली नाही मला.

मला संसार मिळाला, तिला फुंकर. आता ती म्हणते, फुंकर नको. संसाराचं काय करू ते कुणी सांगत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सायलीला सांगितलं, चाल बदल. कारण विचारू नकोस. पोरीनं विचारलं नाही, माझ्याकडे नीट बघितलं फक्त. तासभर खपली. आरती लावली, लहानपणच्या बडबडगीताची चाल लावली, सत्यनारायणाचं भजन, ह्याच गाण्याची पहिली दोन कडवी. हे तिच्याकडे केविलवाणं बघत होते. चल चल. चल चल.

जाताना म्हणाली, काकू, वाट आपण निवडत नाही, मेंदूनं निवडलीय. आत्ता मोडली तर आलेलं जाईल, आणि मग कदाचित काहीच येणार नाही. महिना-दोन महिने दिलेत तर पुढे चाल हळूहळू सोडवता येते, बोलणं मोकळं होतं. नक्की नाही, पण होतं.

निखिलला मेसेज केला, आत्यासाठी तरी ते कडवं काढ. उत्तर आलं, काकू, आता शीर्षकगीतच करतोय ते, चॅनेलनं ठरवलंय, माझ्या हातात नाही. खाली हात जोडल्याची खूण.

९ डिसेंबर, मंगळवार

रविवारपासून लावलेलं नाही. दिलेला शब्द पाळतेय. हे खिडकीकडे तोंड करून बसतात. आज पाणी मागितलं नाही. मीच तासातासानं पेला तोंडाला लावते.

अलका म्हणाली, मावशी, बाबा पुन्हा बुडाल्यावानी वाटत्यात. मी म्हटलं, तू तुझं काम कर. लागलं तिला. मलाही लागलं.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी बाजार. मेथी आणली. स्वयंपाकघरात खाली बसून निवडत होते, ही वही शेजारी. अलका गेलेली. घर शांत.

आतून सूर आला. मी पानं खाली ठेवली. म्हटलं, आलं परत ते कडवं, न लावताच. कान लावला. कडवं नव्हतं. कात्री नव्हती, फुंकर नव्हती. पाणी नव्हतं, खिडकी नव्हती. सायलीनं शिकवलेलं काहीच नव्हतं.

“नं-दा... नंदा... नं-दा...”

त्याच ओळीत भरलेलं. ‘थांब, घालू दे’ची जागा सगळी माझ्या नावानं. कुणी शिकवलं? सायलीनं नाही, मी नाही. त्यांचं त्यांनी शोधून बसवलं. ‘जराशी’पाशी आवाज उतरतो, तिथे माझ्या नावातला दा उतरला. मला सूर कळत नाही, पण ही चाल आता झोपेतसुद्धा ओळखते.

मी आत गेले की ही चाल राहणार. हाक मारली की मी येते, हे त्यांना कळणार, मग रोज मारणार, दिवसभर, तिच्या सुरावर माझं नाव. आणि विमलला दिलेला शब्द? मी गेले नाही तर दोन दिवसांत हेही विसरतील. मग हाक नाही, पाणी नाही, चल चल. उरलेली वर्षं.

हे थांबले मध्येच. मला वाटलं, झोपले. हायसं वाटलं का मला? नाही वाटलं. तेच तर.

परत सुरू केलंय. आवाज चिरकतोय, पण शब्द सुटत नाही. मेथी अर्धी निवडून झाली. अर्धी तशीच पडलीय. इथे बसून हे लिहितेय.

आता पुन्हा हाक आली. अजून ओ दिलेली नाही.